उजवी बाही

१

गुरुवारी सुट्टीचा भोंगा झाला की आम्ही घरी जात नाही. खाली हेरिंग माशाची अंडी डब्यांत भरायचे सरकते पट्टे थांबतात, बायका रबरी बूट धुऊन उलटे टांगतात, आणि आमचा घोळका वरच्या मजल्यावरच्या विश्रांतीच्या खोलीत जातो. केरोसिनची शेगडी, तिच्यावर किटली, मधोमध बुटकं टेबल, टेबलावर संत्र्यांची टोपली. अंगाला खाऱ्या माशाचा वास तसाच असतो, पण तो सगळ्यांच्याच अंगाला असल्यामुळे कोणाला येत नाही. पिशव्यांतून लोकर निघते आणि मग अंधार पडेपर्यंत तोंडं आणि सुया बरोबरीने चालतात. म्हणजे चालायची.

तेव्हा आम्ही पाच जणी होतो. पगाराचं काम बघणाऱ्या तोकिएसान, त्यांनीच हे गुरुवारचं प्रकरण सुरू केलं. प्रयोगशाळेतली वाकाना, पस्तिशीची, गुरुवारी आमच्यात बसून विणायला शिकलेली. समोरच्या बेकरीच्या सेत्सुसान. त्यांचा कंपनीशी संबंध एवढाच, की त्यांचे उरलेले पाव आम्ही संपवायचो. भराई विभागातली मिसुझू. आणि मी, पाठवणी विभागातली, कानाए इगाराशी. कचेरीत सगळे मला आडनावाला मानाचा ‘सान’ लावून इगाराशीसान म्हणतात. एकटी मिसुझू मला कानाबो म्हणायची. शाळेत माझे केस मुलांसारखे कापलेले असायचे म्हणून तिने ‘बो’, म्हणजे पोरगा, लावून हे नाव ठेवलं होतं, आणि आमची पन्नाशी उलटली तरी सोडलं नव्हतं. चारचौघांत तर मुद्दाम मोठ्याने म्हणायची.

माझा नवरा गेला तेव्हा मिसुझू महिनाभर माझ्याकडे येऊन राहिली होती. भात करपवायची, रेडिओ मोठ्याने लावायची, आणि मी रडायला लागले की म्हणायची, "रड, पण नाक माझ्या लोकरीला पुसू नकोस." मला मूलबाळ नाही, भाऊबहीण नाही. माझं म्हणावं असं जगात एकच माणूस होतं, हे आधीच सांगून ठेवते.

विणणारीचा हात कोणापासून लपत नाही. माझा हात एकसारखा आहे, छापल्यासारखा, आणि मिसुझूच्या मते बेचव. तिचा स्वतःचा हात इतका सैल, की टाक्यांतून करंगळी जायची. तिने विणलेली टोपी घालून बंदरावर गेलं की कान गार पडायचे. तोकिएसानचा हात घट्ट, आणि वर चुकीचा. सुई टाक्याच्या पुढून घालायची असते, त्या मागून घालायच्या. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक टाक्याला तिढा पडायचा. मांडी घालून बसलेल्या माणसांच्या रांगा असाव्यात तसं त्यांचं विणकाम दिसायचं. कोणीतरी शिकवायच्या आधी त्या स्वतःच पुस्तकात बघून शिकल्या होत्या, आणि चूक हाडात मुरली होती.

मी कितीदा सांगितलं. त्या वर न बघता म्हणायच्या, "टिकतंय ना?"

टिकायचं. प्रश्नच नव्हता. त्यांचं विणलेलं कधी उसवलं नाही.

शरद ऋतूत त्या गेल्या. आजार लहानसाच झाला, आणि माणूस गेलं. पुढच्या गुरुवारी आम्ही चौघी बसलो तेव्हा सेत्सुसाननी सवयीने पाच कप मांडले, आणि तो पाचवा कप उचलायला कोणाचाच हात धजेना.

२

पहिला बर्फ पडला त्या आठवड्यात तोकिएसानचे यजमान ओकितासान कापडात बांधलेलं एक गाठोडं घेऊन वर आले. बोटींची इंजिनं दुरुस्त करून निवृत्त झालेला माणूस, दारातच बूट काढून उभे राहिले आणि आत येईनात.

"हा माझ्यासाठी चालला होता," ते म्हणाले. "अर्धवट राहिलाय. तुम्ही पुरा करून दिलात तर मी घालीन."

गाठोड्यात गडद निळा स्वेटर होता. पाठ झालेली, पुढचा भाग झालेला, डावी बाही झालेली. उजव्या बाहीचं फक्त मनगट झालं होतं आणि सुया त्यातच अडकलेल्या होत्या.

गेलेल्या बाईचं अर्धं काम पुरं करायचं हे आमच्यात न बोलता ठरलेलं असतं. नाही म्हणायचा प्रश्नच आला नाही. प्रत्येकीने थोड्या थोड्या ओळी घालायच्या ठरल्या. अडचण वाकानाने काढली.

"आपल्या हाताने विणली तर डावी बाही एक आणि उजवी दुसरीच दिसेल," ती म्हणाली. "घालणार कसे ते? दर वेळी हात बघतील आणि आठवेल."

"मग चुकीचं विणू," मिसुझू म्हणाली. "तिच्यासारखं."

"मुद्दाम?" मी म्हटलं. "त्या जन्मभर ऐकल्या नाहीत, आणि आता आपण बिघडायचं?"

"कानाबो, तू मेलीस ना, तर तुझं उरलेलं मी तुझ्यासारखं विणेन. सपाट आणि बेचव. शब्द देते."

"आणि तू आधी गेलीस तर?"

"तर तू माझ्यासारखं विण." तिने डोळे मिचकावले. "पण जमायचं नाही तुला. सैल सोडायला छाती लागते."

सेत्सुसान हसता हसता पावाचा तुकडा गिळायचा विसरल्या आणि त्यांना ठसका लागला. मी उठून त्यांच्या पाठीवर थोपटत राहिले.

सुई मागून घातली की झालं, असं आम्हाला वाटलं होतं. तसं झालं नाही. तिढा पडायचा, पण तो तोकिएसानचा वाटत नव्हता, लेचापेचा यायचा. मग मिसुझूने त्यांची नक्कल केली. पूर्वी त्यांच्या पाठीमागे करायची तशीच. उजवं कोपर बरगडीला दाबून धरलं, कारण तोकिएसानची बरगडी कधीकाळी मोडली होती आणि तो हात त्यांनी त्यानंतर कधी मोकळा सोडला नाही. धागा करंगळीला दोन वेढे. ओठ मिटलेले. पूर्ण ओळभर श्वास रोखायचा आणि ओळ संपली की नाकाने सोडायचा.

आम्ही हसलो. मग तिने एक ओळ विणली आणि वर बघून मान तोकिएसानसारखी किंचित वाकवली, आणि आमचं हसू थांबलं. किटली उकळत होती, तिच्याखेरीज कसलाच आवाज नव्हता.

"बघा," मिसुझू म्हणाली, तिच्याच आवाजात. "आलं."

आलं होतं खरं. डाव्या बाहीशी लावून बघितलं तर फरक सांगता येत नव्हता. मग आम्ही सगळ्याच तसं बसायला शिकलो. कोपर बरगडीला, धाग्याचे वेढे करंगळीला, श्वास रोखलेला. चौघी जणी टेबलाभोवती तशा बसलेल्या कोणी दारातून बघितल्या असत्या तर त्याला काय वाटलं असतं, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही. उलट मला अभिमान वाटत होता. सगळ्यांत जास्त ओळी मिसुझूच्या. ती बाही घरी पण घेऊन जायची. शेवटच्या, खांद्याजवळच्या ओळी मी घातल्या आणि टाके बंद केले.

ओकितासान स्वेटर घालूनच घरी गेले. जाताना उजवी बाही त्यांनी गालाला लावली, आणि आम्ही नजरा वळवल्या.

३

मिसुझूच्या लेकीला तिकडे साप्पोरो शहरात दिवस गेले होते. नवरा सोडून गेल्यावर मिसुझूने एकटीने वाढवलेली लेक, तेव्हा येणाऱ्या नातवाचं कौतुक काय विचारता. तिने पिवळ्या लोकरीचं टोपडं विणायला घेतलं होतं. एका गुरुवारी मी सहज ते उचलून बघितलं.

टाक्यांना तिढा होता. घट्ट, एकाखाली एक, मांडी घालून बसलेल्या रांगा.

"अगं, आता बास की," मी म्हटलं. "बाही झाली. तुझ्या हाताने विण."

"माझ्याच हाताने विणतेय."

"हे बघ तरी."

तिने बघितलं. तिला काही दिसलं नाही, हे मला तिच्या तोंडावर दिसलं. मी हट्टाने ते उसवायला लावलं. तिने कुरकुर केली नाही, आणि मला तेव्हाच काहीतरी खटकलं, कारण मिसुझू कुरकुर केल्याशिवाय चप्पलसुद्धा सरळ ठेवत नाही. माझ्या डोळ्यांदेखत तिने पुन्हा टाके घातले. मी तिच्या सुईकडे टक लावून बघत होते. सुई मागून गेली.

"मिसुझू."

"टिकतंय ना?" ती वर न बघता म्हणाली.

घरी जाताना स्वतःला समजावलं. हाताला सवय लागते, त्यात काय एवढं. मी स्वतः नवरा गेल्यावर कितीतरी दिवस त्याच्यासारखं खाकरत होते. दुःख माणसाच्या अंगात असं कुठूनही शिरतं. शिवाय मिसुझू जन्माची नकलाकार.

पण मग संत्र्याचं सुरू झालं. मिसुझू संत्रं कसं खायची ते बघवत नसे. बोट खुपसायचं, सालीचे तुकडे चहूकडे, रस मनगटावर. आता ती साल एका सलग फुलासारखी उलगडायची, फोडी खायची, आणि रिकामी साल पुन्हा मिटवून अख्ख्या संत्र्यासारखी टेबलावर ठेवायची. तोकिएसान तसं करायच्या. कोणीतरी नेहमी फसून ती रिकामी साल उचलायचं.

मी वाकानाला बाजूला घेऊन विचारलं, "तुला मिसुझूत काही वेगळं वाटतंय का?"

"शांत झाल्यात जरा," वाकाना म्हणाली. "बरंच आहे की. डोकं उठायचं पूर्वी." बोलताना तिचं कोपर बरगडीला चिकटलेलं होतं. हातात सुया नव्हत्या, तरी.

त्या गुरुवारी कोणी फारसं बोललं नाही. ओळ संपली की चौघींपैकी तिघींचा श्वास नाकाने सुटायचा. एकाच वेळी नाही. एकीचा, मग दुसरीचा, मग तिसरीचा. मी माझा श्वास मुद्दाम तोंडाने घेत होते आणि माझ्या टाक्यांवर डोळे लावून बसले होते. माझे टाके सरळ होते. मला त्याचा इतका आनंद झाला, की तो लपवण्यासाठी मी खोकल्याचं निमित्त केलं.

४

माझ्याकडे एक लाल मफलर आहे. शाळेत असताना मी आणि मिसुझूने मिळून विणलेला. एका टोकाकडून ती, दुसऱ्या टोकाकडून मी, आणि मधोमध जोड. दोघींनी आळीपाळीने घालायचा असं ठरलं होतं. तिची अर्धी बाजू इतकी सैल, की त्या बाजूला मफलर दुप्पट रुंद व्हायचा आणि माझी बाजू शेपटीसारखी दिसायची. शाळेत सगळ्यांनी आमची टर उडवली होती. मी तो अजून घालते. दर हिवाळ्यात काढते, ऊन देते, गळ्याला गुंडाळते.

त्या आठवड्यात सकाळी कामाला निघताना मी तो गळ्याला गुंडाळला आणि आरशात बघितलं. दोन्ही बाजू एकसारख्या रुंद होत्या.

बूट घातलेले होते, ते न काढताच मी खिडकीपाशी गेले. माझी बाजू माझीच होती. तिची बाजू अरुंद, घट्ट, प्रत्येक टाका तिढा घातलेला. मी करंगळी घालून बघितली. जाईना.

धुण्यात आटला, मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं. लोकर आटते. पण अर्धा मफलर आटत नाही, आणि आटल्याने टाक्याला तिढा पडत नाही. मग म्हटलं, तो आधीपासूनच तसा असेल, माझीच आठवण चुकत असेल. लहानपणी तिचाही हात तसा असेल, नंतर सैल झाला असेल. हे पटण्यासारखं होतं. मी जवळजवळ पटवून घेतलं. एवढंच, की मग शाळेत आमची टर कशावरून उडवली होती ते सांगता येईना.

मी कामावर फोन केला की येत नाही, आणि मिसुझूला फोन लावला.

"आपला लाल मफलर आठवतो तुला?"

पलीकडून अगदी सभ्य आवाजात, "कुठला हो?"

मी भिंतीला टेकून खाली बसले. भीती वाटली असं म्हणणं खोटं होईल. भीती नंतर वाटली. तेव्हा मला रडू आलं, नवरा गेला तेव्हा आलं होतं तसं, आणि लोकरीला नाक पुसू नकोस म्हणणारं कोणी नव्हतं.

५

बाही उसवायची, एवढंच मला सुचत होतं. आम्ही जे घातलं होतं ते काढायचं. यात तर्क नव्हता हे मला कळत होतं, पण तर्काने मला मफलरही समजावता आला नव्हता.

रविवारी दुपारी मी ओकितासानच्या घरी गेले. बर्फ भुरभुरत होता. बंदरामागच्या गल्लीतलं बसकं घर, दाराशी बर्फाचं फावडं. दार उघडून आत पाऊल टाकलं आणि समोर मिसुझूचे पिवळे बूट दिसले. नेहमी एक इकडे एक तिकडे पडायचे. आता टाचा जुळवून, तोंडं दाराकडे करून ठेवलेले होते.

ओकितासान निळा स्वेटर घालून शेगडीपाशी बसले होते. त्यांनी मला बसायला गादी दिली, चहा ओतला. आतल्या खोलीचं सरकतं दार बंद होतं. आतून सुयांचा आवाज येत होता.

विणणाऱ्या बाईला सुयांचा आवाज कळतो. एका जोडीचा कसा येतो आणि गुरुवारी खोलीत कसा येतो, हे मला झोपेतही सांगता येईल. आत दोन जोड्या चालत होत्या. अगदी बरोबरीने, एकीवर एक, पण दोन.

"आत कोण आहे?" मी विचारलं.

"दर रविवारी येते," ते म्हणाले.

"कोण येते?"

त्यांनी कप दोन्ही हातांत धरला. "ती गेली तेव्हा या घरात सगळं होतं तसंच होतं, फक्त हा आवाज नव्हता. मला भांडी आपटावीशी वाटायची, आवाज व्हावा म्हणून. आता रविवारी येतो. मी दार उघडत नाही, विचारत नाही. इथे बसून ऐकतो. इगाराशीसान, यात मी कोणाचं काय घेतलं?"

"माझी मैत्रीण घेतली," मी म्हटलं.

त्यांनी बाहीकडे बघितलं. मग त्यांनी स्वेटर डोक्यातून काढला, घडी घालून माझ्यापुढे ठेवला, आणि पातळ सदऱ्यात थरथरत बसले. तो म्हातारा वाईट असता तर मला किती सोपं गेलं असतं.

"उसवा," ते म्हणाले.

मी खांद्याची शिवण कापली, बाही सुटी केली, टाके बंद केले होते ते टोक शोधलं आणि ओढलं. उसवताना लोकर सरसर येते, त्यात एक समाधान असतं. माझ्या ओळी गेल्या. मांडीवर निळ्या कुरळ्या लोकरीचा ढीग वाढत गेला. वाकानाच्या ओळी, सेत्सुसानच्या ओळी. मग मिसुझूच्या सुरू झाल्या. दिसायला काही फरक नव्हता, पण मला माहीत होतं.

आत एक जोडी थांबली. दुसरी चालू राहिली.

मी ओढत राहिले.

"कानाबो." दाराआडून. "कानाबो, नको ना. दुखतंय."

मिसुझूचा आवाज. खरखरीत, नाकातला, शाळेपासून कानात असलेला. माझे हात आपोआप थांबले. ओकितासाननी मान खाली घातली होती.

मी उठले आणि दार सरकवलं.

खोलीत दोन गाद्या होत्या. एकीवर मिसुझू बसली होती, माझ्याकडे पाठ करून, केस मानेवर घट्ट अंबाडा घालून बांधलेले. दुसरी गादी रिकामी होती. पण तिच्या मधोमध खळगा पडलेला होता, कोणी बराच वेळ बसून उठावं तसा, आणि मी बघत असताना तो सावकाश भरून वर येत होता. गादीशेजारी मिटवून ठेवलेली संत्र्याची साल होती.

मिसुझू वळली. डोळे कोरडे होते. तिने माझ्या हातातली बाही बघितली, लोंबणारा धागा बघितला.

"इगाराशीसान," ती म्हणाली, "टाके उतरतील. आधी उचलून घ्या."

त्या दाराआड मला हाक कोणी मारली, हे मी तेव्हापासून स्वतःला विचारते आहे. मिसुझू तोकिएसानची इतकी हुबेहूब नक्कल करायची. तोकिएसानना मिसुझूची करता येत नसेल असं मी कशावरून धरून चालले होते? पण ती खरी मिसुझू असती तर? तिला खरंच दुखत असतं तर? शंभरात एक शक्यता असती, तरी मला तो धागा ओढणं शक्य नव्हतं. त्या आवाजाला हे माहीत होतं.

ओकितासाननी तोकिएसानच्या सुया आणून दिल्या. मी टाके उचलले, शेगडीपाशी बसले, आणि संध्याकाळपर्यंत सगळी बाही जशी होती तशी पुन्हा विणून दिली. तीही कोपर बरगडीला दाबून, कारण दुसरा हात लागला असता तर ती वेगळी दिसली असती.

६

मग मला मिसुझूचा शब्द आठवला. तू माझ्यासारखं विण.

नक्कल करूनच हे सगळं आमच्यात शिरलं होतं, तर नक्कल करूनच मी तिला परत आणीन, असं मी ठरवलं. मफलरची तिची बाजू उसवली. लोकर किटलीच्या वाफेवर धरून तिचे वळसे काढले. आणि रोज कामावरून आले की मिसुझू व्हायला बसायचे. पाय पसरून, रेडिओ मोठ्याने लावून. जीभ दातांत. शेजारणीला शिव्या देत. धागा करंगळीला गुंडाळायचाच नाही, नुसता बोटांवर सोडून द्यायचा. काय सांगू, किती कठीण आहे ते. माझे हात आवळायला बघायचे. एकसारखे टाके यायचे, बेचव. दुसऱ्या दिवशी पुन्हा उसवायचं.

तिचं बरोबर होतं, सैल सोडायला छाती लागते. एका संध्याकाळी रेडिओवर काहीतरी मूर्खासारखं गाणं लागलं आणि मी हसले, आणि ते हसू माझं नव्हतं. फुसकन सुटणारं, शेवटी नाकात अडकणारं. हात सुटले. वीतभर विणून झालं तेव्हाच मी खाली बघितलं. करंगळी सहज आत गेली. मी ते तोंडाला लावून बसून राहिले. शेगडी विझली तरी उठले नाही, कारण उठले असते तर खोलीत पुन्हा एकटीच राहिले असते.

गुरुवारी मी ते पिशवीतून नेलं. भोंगा झाला, बूट टांगले, वर गेलो. खोलीत आता कोणी बोलत नाही. किटली उकळते, सुया वाजतात, श्वास सुटतात. आता एकाच वेळी सुटतात. टेबलावर मिटवलेल्या तीन साली होत्या. पावाच्या टोपलीला कोणी हात लावला नव्हता.

मी ती लाल पट्टी मिसुझूच्या मांडीवर ठेवली.

तिने सुया बाजूला ठेवल्या. पट्टी उचलली, खिडकीकडे धरली. टाक्यांतून उजेड आरपार दिसत होता. तिचं एक बोट एका टाक्यात गेलं आणि तिथेच थांबलं. तिचे ओठ हलले. मी माझ्या नखांनी टेबलाची कड धरून ठेवली होती. मी मनात म्हणत होते, म्हण. एकदा म्हण.

"फारच सैल आहे हो हे," ती म्हणाली. "कोणी केलं? घरात कोणी लहान मूल शिकतंय का?"

"मिसुझूचा हात आहे तो," मी म्हटलं.

सुया थांबल्या. वाकानाने आणि सेत्सुसाननी वर बघितलं. तोंडावर काही नव्हतं. खोलीत पाहुणी बोलत असली की आपण बघतो तसं बघत होत्या.

"त्या कोण?" तिने विचारलं. थट्टेने नाही. आस्थेने विचारलं.

मग ती मान किंचित वाकवून हसली आणि तिने पट्टीचं टोक शोधलं. सैल वीण उसवायला वेळ लागत नाही. दोन-तीन ओढींत सगळी गेली. तिने लोकर गोळा केली, तिचा घट्ट, गोल, कडक गुंडा केला, आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

"पुन्हा पहिल्यापासून शिकवा," ती म्हणाली. "टिकायला हवं."

मी गुंडा घेतला आणि आभार मानले. किटलीचं पाणी कमी झालं होतं, वाकाना उठून भरून आली. बाहेर बंदरावर दिवे लागले.

माझी पिशवी उघडीच होती. त्यात माझं करडं विणकाम होतं, एकसारखं, सपाट, छापल्यासारखं. त्याला बेचव म्हणणारं आता कोणी उरलं नव्हतं. कानाबो म्हणणारं कोणी उरलं नव्हतं, मग कानाबोचा हात तरी मी कोणासाठी सांभाळायचा. मी सुया काढल्या. धागा करंगळीला दोनदा गुंडाळला, कोपर बरगडीला टेकवलं, श्वास धरला, आणि सुई टाक्याच्या मागून घातली.